लाकडी फ्लोअरिंग आणि टाइल्सच्या सांध्यात फट का सोडायची?

हॉलमधल्या टाइल्स तशाच ठेवायच्या आणि बेडरूममध्ये लाकडी फ्लोअरिंग करायचं, हा बेत छान आहे. काम उन्हाळ्यात होतं. दाराखालचा सांधा व्हाइट सिमेंटने भरला की अगदी सफाईदार दिसतो. मग जुलैमध्ये सांध्याजवळच्या पट्ट्या वर उचलल्या जातात, दार घासायला लागतं आणि सगळे लाकडाला दोष देतात. चूक बहुधा सांध्यात असते.

लाकूड हवेतला ओलावा शोषून घेतं आणि फुगतं. रुंदीत बरंच, लांबीत जवळपास नाहीच. 100 मिमी रुंदीच्या सागवानी पट्टीतला ओलावा 4 टक्क्यांनी वाढला, तर ती साधारण पाऊण मिलिमीटर रुंदावते. तीन मीटरच्या खोलीत अशा 30 पट्ट्या बसतात, म्हणजे हिशोबाने 20 मिमीहून जास्त! तेवढ्याच लांबीच्या टाइल्स 20 अंशांनी तापल्या तरी अर्धा मिलिमीटरही वाढत नाहीत. म्हणून हल्ली थर चिकटवून केलेल्या इंजिनिअर्ड पट्ट्या वापरतात. आडव्या-उभ्या थरांमुळे त्या बऱ्याच कमी हलतात, पण हलतातच.

तुंगारेश्वरच्या डोंगराजवळच्या चिंचोटीसारख्या गावात पावसाळाभर हवा दमट असते आणि बंद खोलीत एसी लावला की तीच हवा कोरडी होते. थंड देशांत याच्या उलट घडतं. तिथे फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवून घर उबदार ठेवतात. हिवाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि सांधे उघडे पडतात. त्यामुळे लाकडाचा पृष्ठभाग साधारण 27 अंशांवर जाऊ देत नाहीत. चिंचोटीत जमीन तापवायची वेळ कोणावर येणार नाही, पण उपाय दोन्हीकडे एकच आहे.

लाकूड आणि टाइलमध्ये, तसंच भिंतीलगतही, 8 ते 10 मिमी फट सोडा. दारातल्या फटीवर टी आकाराची धातूची पट्टी बसवा. तिचा पाय खालच्या कोब्यालाच पक्का करायचा, लाकडाला चिकटवायचा नाही. नाहीतर फट सोडून उपयोग काय? ही पट्टी मिटलेल्या दाराच्या बरोबर खाली आली की दोन्ही खोल्यांतून नजरेत येत नाही. सांधा वळणदार असेल तर कॉर्कची पट्टी चालते. बाथरूमजवळ लवचीक सिलिकॉन भरा, म्हणजे पोछ्याचं पाणी आत जाणार नाही.

जुन्या टाइल्सवरच 8 मिमीचं लॅमिनेट आणि 2 मिमीचा फोम टाकणार असाल, तर दारात 10 मिमीची पायरी होते. तिथे उताराची पट्टी लागते आणि दार खालून तासावं लागतं. सुताराचा हा खर्च आधीच धरा.

पट्ट्यांचे खोके दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवा, मग काम सुरू करा. आणि मिस्त्रीने शेवटी सांध्यात ग्राउट भरायला घेतलं, तर त्याला तिथेच थांबवा.