दोन भाषांच्या अंगणातली कला

गणपतीच्या दिवसांत पुण्या-मुंबईचे पाहुणे घरी आले की सप्तापुरातल्या आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "इथे मराठी असं काही होतं का हो?" आपण मंडळाचा कार्यक्रम सांगतो, पेढ्याचा डबा पुढे करतो आणि विषय तिथेच संपतो. खरे तर या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास सांगावा लागेल.

एक गोष्ट आधी मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. धारवाड मुंबई इलाख्यात होते, तेव्हा कचेरीत आणि शाळेत मराठीचा बराच वरचष्मा होता. आपल्याच गावात कन्नड मागे पडते आहे, ही खंत इथल्या जाणत्यांना होती. तिच्यातूनच रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने 20 जुलै 1890 रोजी कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. पुढे 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आपल्या आजोबांच्या पिढीला हा बदल जड गेला असेल. पण कलेच्या व्यवहाराकडे पाहिले, तर ही ओढाताण चालू असतानाच दोन्ही भाषांची माणसे एकमेकांच्या ओसरीवर बसून गाणे शिकत होती, हे दिसते.

त्यातला मोठा दुवा म्हणजे नाटक कंपनी. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व (1886-1952), किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. त्यांनी नाव कमावले ते मराठी संगीत रंगभूमीवर. 'सौभद्रा'तल्या त्यांच्या सुभद्रेवर खूश होऊन अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले, असे सांगतात. कानडी मुलुखातल्या गवयाला वऱ्हाडातल्या रसिकाने दिलेले हे नाव आज पुण्याच्या महोत्सवाने जगभर नेले आहे.

मल्लिकार्जुन मन्सूर यांची वाटही अशीच. धारवाडजवळच्या मन्सूर गावी 31 डिसेंबर 1910 रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते नाटक कंपनीत गेले. तिथे त्यांचा आवाज ऐकून मिरजेच्या नीलकंठबुवांनी त्यांना आपल्याकडे नेले आणि ग्वाल्हेर गायकीचा पाया घालून दिला. पुढे जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ यांची तालीम मिळाली. 1937 साली मंजी खाँ गेले, तेव्हा त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांच्याकडे शिक्षण पुढे चालू राहिले. वचने गाणारा लिंगायत घरातला गायक, मिरजेचे बुवा आणि मुसलमान उस्ताद! या साखळीत भाषा किंवा धर्म आडवा आला नाही.

त्या काळी आजच्यासारखी कलाकेंद्रे नव्हती. वाडा हेच कलाकेंद्र. कुंदगोळचा नाडगीर वाडा त्यातला सर्वांत मानाचा. अब्दुल करीम खाँसाहेबांचे तिथे वास्तव्य असे. सवाई गंधर्व रंगभूमी सोडून कुंदगोळला स्थिरावले, तेव्हा गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने तिथे शिकायला जात. संध्याकाळी परतताना स्टेशनपर्यंत सोबत करायला गुरूघरचा एक पोरगेला शिष्य असे; तो म्हणजे भीमसेन जोशी. गुरूंच्या पुण्यतिथीचा उत्सव पुढे त्याच वाड्यात सुरू झाला. पुण्यात 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. त्याचे मूळ घर आपल्यापासून किती जवळ आहे, हे मात्र अनेकदा ठाऊक नसते.

8 जानेवारी 1950 रोजी धारवाड आकाशवाणी सुरू झाली आणि वाड्यातली बैठक घराघरांत आली. ज्यांना बैठकीचे आमंत्रण कधीच मिळाले नसते, अशा कितीतरी घरांचे कान या केंद्राने तयार केले. बायकांना स्वयंपाक सोडून उठावे लागले नाही. गाणे चुलीपर्यंत आले. मन्सूर या केंद्राचे संगीत सल्लागार होते.

साहित्यातही हेच चित्र. साधनकेरीचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवितेला, 1973 चे. पण 'संवाद' हे त्यांचे मराठी पुस्तकही केळकर पारितोषिकाचे मानकरी ठरले. उलट जी. ए. कुलकर्णी याच गावात इंग्रजी शिकवत राहिले आणि लिहिले ते मराठीत. सभा-समारंभ त्यांनी कटाक्षाने टाळले. चित्रे काढली, तीही स्वतःच्या आनंदासाठी. 'काजळमाया' लिहिणारा माणूस आपल्याच रस्त्यांवरून चालत असे, हे अनेकांना फार उशिरा कळले.

आज मन्सूरांचे 'मृत्युंजय' हे घर आणि हुबळीत गंगूबाईंचे 'गंगालहरी' ही स्मारके झाली आहेत. साधनकेरीत बेंद्रे भवन आहे. सभागृहांना कलावंतांची नावे आहेत. जागांची वाण आता नाही. वाण आहे ती समोर बसणाऱ्यांची. आपली मुले बंगळूर, पुणे आणि त्याही पलीकडे गेली. जी इथे आहेत, त्यांच्या मित्रांची भाषा कन्नड आहे, आणि ते योग्यच आहे. मराठी कार्यक्रमाला पहिल्या दोन रांगांत आपण ज्येष्ठ मंडळीच उरतो आणि कन्नड बैठकीला 'ते त्यांचे' म्हणून जात नाही. दोन्हींकडून नुकसान आपलेच.

सवाई गंधर्व गेले 12 सप्टेंबर 1952 रोजी. मन्सूर गेले 12 सप्टेंबर 1992 रोजी. बरोबर चाळीस वर्षांचे अंतर आणि तारीख तीच. गणेशोत्सवही बहुधा याच सुमाराला येतो. यंदा त्या दिवशी आरती आटोपल्यावर नातवंडांना घेऊन 'मृत्युंजय'पर्यंत जाऊन यावे. जाता जाता शेजारच्या कन्नड घरालाही हाक मारावी. ही दोन्ही माणसे त्यांचीही आहेत. आणि पुढच्या वेळी पाहुण्यांनी तो प्रश्न विचारला, तर त्यांनाही सोबत न्यावे.

गणपती बाप्पा मोरया!