फौज आली आणि वस्ती झाली: रायपूरची संथ चाल

मराठी फौजा कुठे कुठे गेल्या, ही यादी आपल्याला पाठ असते. अटक, पानिपत, दिल्ली, तंजावर, कटक. या यादीत रायपूर क्वचितच येतं. तरी फौजेच्या मागोमाग आलेली मराठी माणसं जिथे कायमची रुजली, त्यात रायपूर नक्कीच आहे. निवृत्तीनंतर मी इथेच राहतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की दोन दिवसांत विचारतोच, 'इथे कुणाला घाई कशी नाही हो?' आज या प्रश्नाचं उत्तर शोधू या.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. खारून नदी शहराच्या कडेने जाते. तिच्या काठी महादेव घाटावर हटकेश्वराचं देऊळ आहे, ते पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, कलचुरी राजा ब्रह्मदेवाच्या काळातलं. पण जुनं रायपूर जगलं ते तळ्यांवर. बुढा तालाब, महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा अशी कितीतरी नावं घेता येतील. हा भाताचा मुलूख. पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढायचे. तळ्याच्या पायऱ्यांना इथे 'पचरी' म्हणतात. आंघोळ, धुणं, गुरांचं पाणी आणि गावच्या बातम्या, सगळं त्या पचरीवर. भात लावला की पिकेपर्यंत थांबावंच लागतं. इथल्या माणसाचा निवांतपणा त्या थांबण्यातून आला, असं मला वाटतं.

आता मराठे इथे कसे आले ते पाहू. 1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या मोहिमेवर निघाले. वाटेत कलचुरींची राजधानी रतनपूर लागली. राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, प्रतिकार फारसा झाला नाही. शहरावर 1 लाख रुपयांचा दंड बसवून फौज पुढे गेली. हे सांगताना आपण अंग चोरू नये. इथल्या माणसाला मराठ्यांची पहिली ओळख झाली ती वसुलीची.

ओळख बदलायला एक पिढी लागली. 1758 पासून रघूजींचे चिरंजीव बिंबाजी भोसले स्वतः रतनपूरला येऊन राहिले, ते 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत. फौज मुक्काम करते तेव्हा तंबू ठोकते आणि काही दिवसांनी उखडते. बिंबाजींनी रतनपूरच्या टेकडीवर रामाचं देऊळ बांधलं. तंबूतला माणूस देऊळ बांधत नाही. दरबारात मराठी आणि मोडी आली. दसऱ्याला सोनं वाटायची चाल इकडे त्यांच्यामुळेच रुजली, असं इथले जाणकार सांगतात. रायपूरच्या दूधाधारी मठात भोसलेकाळातली भित्तिचित्रं आजही दिसतात.

बिंबाजींनंतर मात्र कारभार नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांच्या हाती गेला आणि पुन्हा वसुली वरचढ झाली. 1818 मध्ये इंग्रजांचा अंमल बसला, तेव्हा कर्नल अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. कारकुनी, वकिली, शिक्षकी करणारी मराठी घरं रायपुरात जमत गेली. 'पारा' म्हणजे इथली आळी. शहराच्या मधोमध 'तात्यापारा' आहे. तात्या हा शब्द कुठला, हे तुम्हाला सांगायला नको.

संथ म्हणजे झोपलेलं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. 1854 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं. 1856 च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी सावकाराचं धान्याचं कोठार फोडून उपाशी रयतेला वाटलं. 10 डिसेंबर 1857 रोजी त्यांना रायपुरात फाशी दिलं गेलं. त्यानंतर दीड महिनाही गेला नाही. 18 जानेवारी 1858 च्या रात्री इथल्याच पलटणीतल्या हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. हनुमानसिंह निसटला. त्याच्या 17 साथीदारांना 22 जानेवारीला फासावर चढवलं गेलं. ते सतरा जण हिंदू होते, मुसलमानही होते. वर्दीत आयुष्य काढलेल्या माणसाला या चार दिवसांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शांत माणसाच्या सहनशक्तीलाही हद्द असते.

वीस वर्षांनी, 1877 मध्ये, एक बंगाली वकील आपलं कुटुंब इथे घेऊन आले. नागपूरच्या पुढे रेल्वे नव्हती. नागपूर ते रायपूर हा प्रवास बैलगाडीने, जंगलातून, पंधरवड्याहून जास्त चालला. गाडीत चौदा वर्षांचा नरेंद्र होता, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. वाटेत डोंगराच्या कपारीतलं भलंमोठं पोळं पाहून तो देहभान विसरला, असं त्यांच्या चरित्रांत आहे. रायपुरात तो दोन वर्षं राहिला. शाळा नव्हती, म्हणून वडीलच शिकवत आणि घरी येणाऱ्यांच्या चर्चेत त्याला बसवत. ते पंधरा दिवस आगगाडीने एका दिवसात उरकले असते, तर ते पोळं त्याला दिसलं असतं का?

आपल्या मराठी माणसांनी या संथपणाचं काय केलं? माधवराव सप्रे यांचं नाव घेतो. 1900 च्या जानेवारीत त्यांनी पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. रामराव चिंचोलकर सहसंपादक, रायपूरचे वामनराव लाखे प्रकाशक. तिघेही मराठी, मासिक हिंदी आणि नाव छत्तीसगढचं! ते तीनच वर्षं चाललं, पण हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्याला मानाचं पान आहे. पुढे सप्रे यांनी 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. 1926 मध्ये रायपुरातच त्यांनी देह ठेवला. लाखे यांनी इथे सहकारी चळवळीची पायाभरणी केली. आज सप्रे शाळा आणि लाखेनगर ही नावं प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक असतात. वसुलीला आलेल्यांच्या भाषेतली माणसं दीडशे वर्षांत गावची झाली, ती अशी. 1935 पासूनचं महाराष्ट्र मंडळही इथे आहे, पण त्याच्या भिंतीआड कुणी कोंडून घेतलं नाही.

1 नोव्हेंबर 2000 ला रायपूर राजधानी झालं आणि शहराने वेग पकडला. अडीच फुटी रुळांवरून धमतरीला रमतगमत जाणारी छोटी गाडी शहरातून गेली. 2017 मध्ये ते रूळ बंद झाले आणि तिथे द्रुतगती रस्ता आला. रजबंधा मैदानावर आज इमारती आहेत. नावातला 'बंधा' सांगतो की तिथे कधी तळं होतं. रस्ते हवेतच, मी विकासाच्या विरोधात नाही. पण तळं बुजलं की फक्त पाणी जात नाही. अनोळखी माणसाशी शेजारी म्हणून बोलायची जागाही जाते. परकी फौज इथे शेजारी होऊ शकली, ती अशा जागा होत्या म्हणून.

जाता जाता एक विनंती. छत्तीसगढमधल्या जुन्या मराठी घरांत मोडी कागद पडून असतील, तर रद्दीत देऊ नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आणि रायपूरला आलात तर संध्याकाळी बुढा तालाबच्या काठी तासभर बसा. घड्याळ खिशात ठेवा.

जय हिंद. जय जोहार.