इताई-इताई: हाडांच्या आधी मूत्रपिंड

'इताई' या जपानी शब्दाचा अर्थ 'दुखतंय'. तोयामा प्रांतात जिन्झू नदीकाठच्या शेतकरी स्त्रिया वेदनेने हाच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत, म्हणून त्यांच्या आजाराला 'इताई-इताई' हे नाव पडले. रुग्णांत उतारवयाकडे झुकलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया जास्त होत्या. त्यांची हाडे मऊ होऊन सहज मोडत.

नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या गिफू प्रांतात, कामिओका येथे मित्सुई कंपनीची जस्त आणि शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजात थोडे कॅडमियम असतेच. खाणीचे सांडपाणी नदीत जाई, नदीचे पाणी भातखाचरांत आणि कॅडमियम तांदळात. गावकरी नदीचे पाणी पीतही असत. स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी 1961 साली कॅडमियम हेच कारण असल्याचे जाहीरपणे मांडले. 1968 साली सरकारने ते मान्य केले. पुढे 1971 आणि 1972 साली न्यायालयांनी रुग्णांच्या बाजूने निकाल दिले.

आता हा धातू शरीरात काय करतो ते पाहा. यकृतात कॅडमियम मेटॅलोथायोनिन या प्रथिनाला चिकटते. ते रक्तावाटे मूत्रपिंडात पोचते, गाळले जाते आणि नलिकांच्या पेशी ते पुन्हा आत शोषून घेतात. तिथून ते फार सावकाश बाहेर पडते. साठा निम्मा व्हायला 10 ते 30 वर्षे लागतात. म्हणून रोजची मात्रा अल्प असली तरी साठा वाढत जातो. नलिका बिघडल्या की बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिनसारखी छोटी प्रथिने लघवीत उतरतात. स्वीडनमधील बॅटरी कामगारांच्या लघवीतील अशी प्रथिने लार्स फ्रीबर्ग यांनी 1950 सालीच नोंदवली होती. पुढे फॉस्फेट आणि कॅल्शियमही निसटू लागतात आणि मग हाडे मऊ होतात.

म्हणजे हाडांचे दुखणे ही शेवटची पायरी. पहिली पायरी मूत्रपिंडात, आणि ती दुखत नाही. जपानमध्ये अधिकृत रुग्ण ठरण्यासाठी मात्र हाडांचा विकार दाखवावा लागे. मान्यता मिळालेले रुग्ण सुमारे 200 आहेत. नुसत्या नलिका बिघडलेले लोक त्यांत मोजले गेले नाहीत. त्यांच्यासाठी कंपनीने पात्र व्यक्तीमागे 6 लाख येन देण्याचा करार झाला तो 2013 साली, सरकारी मान्यतेनंतर 45 वर्षांनी.

आजची मर्यादा मूत्रपिंडावरूनच ठरते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2010 साली महिन्याला दर किलो वजनामागे 25 मायक्रोग्रॅम ही सहनीय मात्रा ठरवली. 60 किलोच्या व्यक्तीला ती 1.5 मिलिग्रॅम होते. तांदळासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 0.4 मिलिग्रॅम आहे. बरोबर या मर्यादेवरचा तांदूळ रोज 300 ग्रॅम खाल्ला, तर महिन्याला किती होते? 3.6 मिलिग्रॅम.

तांदळाचा नमुना तपासणीत उत्तीर्ण झाला, एवढ्यावर थांबू नका. तो कोण खाते, रोज किती खाते आणि किती वर्षे, हे तीन प्रश्न अहवालात नसतील, तर ते तुम्ही विचारा.