भरणीचा पाऊस आणि कुंडीतला औदुंबर

म्हैसूरला येणारा मराठी पाहुणा राजवाडा बघतो, चामुंडीला जातो, संध्याकाळी वृंदावनची कारंजी बघून हॉटेलवर परततो. दत्तभक्त असेल तर ऊटी रस्त्यावरच्या अवधूत दत्त पीठातही एक चक्कर होते. वाडी, औदुंबर, गाणगापूर केलेल्या माणसाला हे स्थान तसं नवं. श्री गणपती सच्चिदानंद स्वामींनी ते १९६६ साली उभं केलं. दर्शन आणि प्रसाद झाला की मंडळी बसकडे वळतात. माझ्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना मात्र मी तिथून तसंच परतू देत नाही. त्याच आवारात १९८६ पासूनचं किष्किंधा मूलिका बोन्साय उद्यान आहे, आणि म्हैसूरच्या पावसाबद्दल मला जे सांगायचं असतं ते तिथल्या झाडांपाशी उभं राहून सांगायला सोपं जातं.

चारेक एकरांची ती जागा. नावात किष्किंधा आहे म्हणून जागोजागी वानरांचे पुतळे. पोरं झाडं सोडून त्यांच्यासोबतच फोटो काढतात. बोन्सायच्या सर्वांत मोठ्या संग्रहाबद्दल २०१६ साली गिनेसमध्ये नोंद झाली, तेव्हा मोजणी २,६४९ झाडांची भरली होती. मांडणी राशींप्रमाणे, नक्षत्रांप्रमाणे, सप्तसुरांप्रमाणे आणि रागांप्रमाणे. कोणत्या रागाला कोणतं झाड हे कुणी आणि कशावरून ठरवलं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. राशींचंही तसंच. नक्षत्रांपाशी मात्र मी हटकून थांबते.

नक्षत्रांच्या आराध्यवृक्षांची यादी आपल्या पंचांगांतही असते. भरणीचा आवळा, कृत्तिकेचा उंबर, रोहिणीची जांभूळ, पुष्याचा पिंपळ, मघेचा वड, स्वातीचा अर्जुन. ती जन्मनक्षत्रं, म्हणजे चंद्राची. शेतकऱ्याची नक्षत्रं सूर्याची. एकेका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस असतो आणि त्या दिवसांतल्या पावसाला त्याच नक्षत्राचं नाव मिळतं: मृगाचा, आर्द्रेचा, तरणा, म्हातारा, हत्तीचा. कानडी शेतकरीही याच नक्षत्रांनी पाऊस मोजतो. क्रम तोच, तारखा त्याच. फक्त भरवशाचा पाऊस इथे वेगळ्याच नक्षत्रांवर पडतो.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव यायचा, गारा पडायच्या, पण त्याला कुणी पावसाळ्यात धरत नसे. पावसाळा ७ जूनच्या मृगापासून, आणि जुलैत पंचगंगा पात्राबाहेर. लग्न होऊन इथे सरस्वतीपुरमला आले तेव्हा एप्रिल संपता संपता दुपारी आभाळ काळं व्हायचं आणि शेजारच्या अम्मा समाधानाने म्हणायच्या, “भरणी मळे बंतु,” म्हणजे भरणीचा पाऊस आला. भरणीचा पाऊस पडला की सारी धरणी पिकते, अशी कानडी म्हण आहे. भरणी म्हणजे २७ एप्रिल ते १० मे, तिच्यामागून २४ मेपर्यंत कृत्तिका. कोल्हापुरात त्या दिवसांत पापड वाळत घालतात. म्हैसूरला मे हा वर्षातल्या भरपूर पावसाच्या महिन्यांपैकी एक. मग जून, जुलै, ऑगस्ट. पश्चिमेचे ढग कोडगू आणि वायनाडच्या डोंगरांवर रिकामे होऊन येतात. आमच्या वाट्याला सोसाट्याचा वारा आणि भुरभुर. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा जोर. हस्त आणि चित्रा म्हणजे दिवसा घुसमट आणि रात्री गडगडाटासह कोसळणं. सगळा मिळून वर्षाचा पाऊस जेमतेम ८०० मिलिमीटर, तोही असा दोन हप्त्यांत.

परगावचं ज्ञान घेऊन आलेल्या माळ्यांना हे पाणी ओळखावं लागलं. त्यातला सर्वांत मोठा माणूस गुस्टाव्ह हर्मान क्रुम्बिगल. जन्म १८६५, ड्रेस्डेनजवळचा; लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेला. सयाजीराव गायकवाडांच्या बागांसाठी तो १८९३ मध्ये बडोद्याला आला आणि पंधरा वर्षांनी, १९०८ मध्ये, म्हैसूर संस्थानात. त्या वेळी म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव. यातला ‘पी’ पाटणकरांचा. घराणं तंजावरकडच्या मराठी लोकांचं. पुढे तेच बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्यानंतर १९०९ मध्ये म्हैसूरची दिवाणी गेली टी. आनंदरावांकडे, म्हणजे बडोद्याचे जुने दिवाण सर टी. माधवराव यांच्या चिरंजिवांकडे. बडोदा आणि म्हैसूर यांच्यात तेव्हा माणसांची अशी ये-जा होती. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना हे सांगितलं की ते शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीवर घसरतात. पाटणकर कुणाला आठवत नाहीत.

क्रुम्बिगलचं मुख्य काम बंगळूरच्या लालबागेत आणि तिथल्या रस्त्यांवर. कोणतं झाड कोणत्या महिन्यात फुलतं हे बघून त्याने झाडं अशी निवडली की एकाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा चढावा. युरोपातल्यासारखा एकच मोठा वसंत त्याने इथे शोधला नाही. कृष्णराजसागराच्या पायथ्याची वृंदावन बाग १९३२ मध्ये झाली, ती दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या मनातली. तिच्या आखणीतही क्रुम्बिगलचा हात होता. पर्यटक कारंज्यांवर खूश असतात, पण मला विचाराल तर या माणसाची अक्कल दिसते ती रस्त्याच्या कडेच्या झाडांत.

बोन्सायच्या बाबतीत हे शहाणपण उशिरा आलं. हौशी लोकांच्या हाती आधी पडली ती जपानी पद्धतीची पुस्तकं. टोकियोजवळचं ओमिया हे बोन्सायवाल्यांचं गाव १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतून हललेल्या माळ्यांनी १९२५ मध्ये वसवलं. तिकडचं सगळं वेळापत्रक हिवाळ्याभोवती फिरतं. पानं गळतात, झाड झोपतं आणि वसंतात कळ्या फुगायच्या आत मुळं छाटून कुंडी बदलायची. म्हैसूरच्या जानेवारीत पहाटेला स्वेटर लागतो, एवढंच. जपानी मेपलला झोप लागावी अशी थंडी इथे पडत नाही. तरी त्याची रोपं चढ्या भावाने विकली जातात आणि लोक घेतात. आपल्याकडे वैद्य औषधी झाडं कुंड्यांत खुजी ठेवत, ती वामनवृक्षांची कला इथूनच पूर्वेकडे गेली, असंही सांगतात. उद्यानाच्या नावातलं ‘मूलिका’ त्याच वनौषधींचं. वैद्यांनी कुंडीत झाडं लावली असतीलच, पण तेवढ्यावरून चीन-जपानचं श्रेय आपल्याकडे ओढायची मला गरज वाटत नाही.

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनी जपानी वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि वड, पिंपळ, उंबर धरले. यांची कुंडी बदलायची ती जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. कोल्हापूरला हे अगदी बरोबर. म्हैसूरला जूनमध्ये आभाळ भरलेलं आणि कुंडी कोरडी, असा प्रकार असतो. भुरभुर पानांवरच अडते, खाली चार बोटं मातीपर्यंत पोचत नाही. वरून वारा. विटांचा चुरा, जाड वाळू आणि शेणखत यांचं मिश्रण पाणी धरून ठेवण्यासाठी नसतंच, ते दुपारपर्यंत पांढरं पडतं. नुकतीच मुळं छाटलेल्या झाडाला त्या वाऱ्यात ठेवणं म्हणजे त्याची परीक्षाच. म्हणून इथले जुने माळी भरणी-कृत्तिकेत हात घालतात. एक-दोन दणदणीत सरी पडून हवा ओली झाली की कुंडी बदलायची, झाड आडोशाला ठेवायचं, आणि जूनचा वारा सुटेपर्यंत त्याला नवी पांढरी मुळं फुटलेली असतात. मेमधल्या वादळी सरींचा धोका आहेच; कठड्यावर ठेवलेली कुंडी एका झोतात खालच्या अंगणात जाते.

ऑक्टोबरची तऱ्हा उलटी. हस्ताच्या पावसात रात्रभर पाणी साचून मुळं कुजतात. तेव्हा प्रत्येक कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवायचा, म्हणजे ती तिरपी राहते आणि पाणी एका कोपऱ्याकडून निघून जातं. याच दिवसांत फांद्या झपाट्याने जाड होतात आणि वळण देण्यासाठी गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार सालीत रुतते. आठवड्याला बघावं लागतं. दसऱ्याला कुप्पण्णा पार्कात फुलांचं प्रदर्शन भरतं ते नेमकं याच पावसाच्या तोंडावर, त्यामुळे तिथे मांडलेली नीटनेटकी बोन्साय बघताना मला त्यांच्या मालकांची आदल्या रात्रीची धावपळ दिसते.

औदुंबराबद्दल वेगळं सांगायला हवं. दत्ताचं झाड म्हणून पुष्कळ मराठी घरांत तो कुंडीत हवा असतो. पण वड-पिंपळासारखा तो आटोपशीर होत नाही. पानं मोठी; ती लहान करायची तर भर उन्हाळ्यात सगळी काढून टाकावी लागतात आणि नवी येताना पाणी बेताचं द्यावं लागतं. फळं लहान होतच नाहीत. हातभर उंचीच्या झाडावर पूर्ण आकाराचं उंबर विनोदी दिसतं. पिंपळ त्या मानाने गरीब. जुन्या इमारतींच्या भेगांत तो आपणहून खुरटून वाढलेला असतो. बोन्सायवाले तिथूनच सोडवून आणतात. म्हैसूरला अशा इमारतींची वाण नाही.

आता हे सगळं वेळापत्रकच डळमळलंय. २०२१ च्या ऑक्टोबरात इतका पाऊस झाला की चामुंडीवर नंदीकडे जाणारा रस्ता खचला. २०२३ मध्ये मोसमी पाऊसच रुसला. राज्यातल्या २३६ पैकी २०० हून जास्त तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि कृष्णराजसागर भरलंच नाही. त्यापाठचा २०२४ चा उन्हाळा असा तापला की भरणी कोरडी जाते की काय असं वाटत होतं. त्याच वर्षी डिसेंबर उजाडताना फेंगल वादळाचा पाऊस आला. २०२२ च्या डिसेंबरात मंदौसने तेच केलं होतं. एरवी डिसेंबर म्हणजे पाणी कमी करायचे दिवस. तेव्हा गार झड लागली की पानांवर काळे ठिपके उठतात आणि कुंडी आठवडाभर वाळत नाही. मग २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मेलाच केरळात पोचला, म्हणजे कृत्तिका पुरती संपलीही नव्हती. वळीव कुठे संपला आणि मुंगारू, म्हणजे कानडीतला मोसमी पाऊस, कुठे सुरू झाला ते कळलं नाही. जूनच्या अखेरीला धरण काठोकाठ भरलं. एरवी इतक्या लवकर ते भरत नाही.

आमच्याकडे येणारे माळीकाका अजून भरणीच म्हणतात. ते म्हणतात, “अम्मा, नक्षत्र चुकत नाही, पाऊस चुकतो.” मुलगा फोनवर रडारचं चित्र दाखवतो, त्यात पुढच्या तीन तासांपलीकडचं काही नसतं. मी औदुंबराची कुंडी कृत्तिकेतच बदलते. त्याचं नक्षत्र आहे म्हणून म्हणा, किंवा मेचा मध्य या गावाला बहुतेक वर्षी ओला मिळतो म्हणून. पाऊस आलाच नाही तर जिन्याखाली सावलीत ओल्या गोणपाटाचा आडोसा, सकाळ-संध्याकाळ बारीक भोकांची झारी, आणि नवी पानं तळहाताएवढी होईपर्यंत खत नाही.