गेमिंग संगणकासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड : किंमत नेमकी कशाची मोजायची?

‘आय-फाइव्ह घ्यावा की आय-सेव्हन?’ गेमिंगसाठी संगणक घेण्याचा विचार सुरू झाला की बहुतेक घरांत हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. प्रोसेसर कधीच एकटा विकत घेतला जात नाही. त्याच्यासोबत त्याला जुळणारा मदरबोर्ड घ्यावा लागतो, मदरबोर्डसोबत ठरावीक प्रकारची मेमरी येते, आणि पुढील पाच-सात वर्षांत संगणकात काय बदलता येईल याची मर्यादाही त्याच दिवशी ठरून जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार कागदावर जे कोटेशन लिहून देतो, त्यात या तीन वस्तू तीन ओळींवर असतात. म्हणून त्या सुट्या वाटतात. खर्चाच्या दृष्टीने ती एकच खरेदी होय.

प्रोसेसरचे काम किती?

खेळ चालू असताना पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. कोण कोठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, कोणत्या वस्तू नजरेच्या टप्प्यात आहेत याचा हिशेब प्रोसेसर करतो. त्या वस्तू रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरचा पुरेपूर उपयोग करायचा, तर हाच अवधी जेमतेम सात मिलिसेकंदांवर येतो. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्याच गतीने खेळ चालतो.

पडद्याचे रिझोल्यूशन वाढवले की हे गणित बदलते. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू रंगवायचे असतात, तर फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट. हा सारा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो; प्रोसेसरचा हिशेब जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांसारखे चुरशीचे खेळ १०८०पी पडद्यावर अतिशय वेगाने खेळणाऱ्यास चांगल्या प्रोसेसरचा लाभ जाणवतो. ‘सायबरपंक २०७७’सारखा डोळे दिपवणारा खेळ मोठ्या पडद्यावर खेळणाऱ्याने मात्र पैसा आधी ग्राफिक्स कार्डात घालावा.

महागडा प्रोसेसर घेतला की काम झाले, हा समज येथेच कोसळतो. इंटेलचा कोअर आय९-१३९००के २०२२ मध्ये ५८९ डॉलरना बाजारात आला; त्याच पिढीतील आय५-१३४००एफ जानेवारी २०२३ मध्ये १९६ डॉलरना. किंमत तिप्पट. मध्यम प्रतीच्या ग्राफिक्स कार्डासोबत खेळात दिसणारा फरक मात्र त्याच्या आसपासही जात नाही. आय९मधील जादा कोर व्हिडिओ संपादनासाठी उपयोगी पडतात. बहुतेक खेळांना सहा वेगवान कोर पुरेसे होतात.

याला एक अपवाद आहे. एएमडीच्या ज्या प्रोसेसरांच्या नावात ‘एक्स३डी’ असते, त्यांत कॅशे मेमरीचा एक जादा थर चिपवर रचलेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये तिसऱ्या स्तराची कॅशे ९६ एमबी होती. साध्या रायझन ५ ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे. खेळाला वारंवार लागणारी माहिती या कॅशेत मावली की मुख्य मेमरीकडे धाव घ्यावी लागत नाही, आणि फ्रेमचा वेग खरोखर वाढतो. खेळासाठीच जादा पैसे मोजायचे असतील तर ते कोरच्या संख्येसाठी नव्हे, या कॅशेसाठी मोजावेत.

नावांतील सापळे

प्रोसेसरची नावे ग्राहकाला समजावीत म्हणून ठेवलेली आहेत, असे मानायला फारसा आधार नाही. रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० या नावांत शंभराचाच फरक. दोन्हींत सहा कोर आणि बारा थ्रेड. पण ५५०० मध्ये कॅशे निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे आणि ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचा मार्गही जुना, पीसीआयई ३.० चा आहे. नव्या पिढीत तर आकडा मोठा असूनही माल उणा, असा प्रकार आढळतो. रायझन ५ ८४००एफ मध्ये १६ एमबी कॅशे आहे, तर आकड्याने लहान असलेल्या ७५००एफ मध्ये ३२ एमबी. दोन्हींच्या भावात थोडाच फरक असेल, तर ७५००एफ निःशंक घ्यावा.

इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसतात. त्यामुळे किंमत थोडी कमी होते, परंतु ग्राफिक्स कार्ड बिघडले तर ते दुरुस्त होऊन येईपर्यंत पडद्यावर काहीही दिसणार नाही. अभ्यासासाठीही तोच संगणक वापरला जाणार असेल, तर वाचणाऱ्या रकमेपेक्षा ही अडचण मोठी ठरू शकते.

सर्वांत मोठा सापळा मात्र जुन्या मालाचा आहे. रंगीबेरंगी दिव्यांच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ म्हणून स्वस्तात विकला जाणारा संगणक अनेकदा तिसऱ्या पिढीचा आय७ असतो. ती पिढी २०१२ची. त्या आय७-३७७० मध्ये चार कोर आणि आठ थ्रेड आहेत. जानेवारी २०२२ मध्ये ९७ डॉलरना आलेल्या आय३-१२१००एफ मध्येही तेवढेच आहेत, आणि हा ‘धाकटा’ आय३ त्या आय७ला सहज मागे टाकतो. तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स२ ही आज्ञावलीच नाही, आणि काही नव्या खेळांना ती अनिवार्य असते. शिवाय विंडोज १०ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ला इंटेलची आठवी किंवा रायझनची २००० मालिका आणि त्यापुढील, मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर तसेच टीपीएम २.० लागते. विंडोज ११वर ‘व्हॅलोरंट’ टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू असल्याशिवाय चालत नाही. म्हणजे ज्या खेळासाठी संगणक आणला तोच त्यावर न चालण्याची शक्यता असते. जुन्या सर्व्हरमधून काढलेले झिऑन प्रोसेसर आणि त्यांच्यासाठी नव्याने जुळवलेले एक्स७९ किंवा एक्स९९ बोर्ड यांबाबतही हीच सावधगिरी हवी. कोर पुष्कळ असतात. एकेका कोरचा वेग मात्र कमी असतो.

सॉकेटचे आयुष्य

मदरबोर्डवर प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट. इंटेलने २०१५ मध्ये एलजीए ११५१ आणले. २०१७ मध्ये आठव्या पिढीसाठी सॉकेटचे नाव तेच ठेवले, पण नवे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालेनात. पुढे २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ मध्ये एलजीए १७०० आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ असा क्रम राहिला. याउलट, २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत एएमडीचा एएम४ बोर्ड घेतलेल्या अनेकांना बायॉस अद्ययावत करून पाच वर्षांनंतर त्याच बोर्डवर ५८००एक्स३डी बसवता आला. हे सारे कंपनीच्या औदार्याने झाले असेही नाही. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० बोर्डांना पुढील पिढी मिळणार नाही असे जाहीर केले होते. ग्राहकांचा रोष पाहून त्याच महिन्यात तो निर्णय फिरवला.

एएम४ची जागा सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ने घेतली. २०२७ आणि त्यापुढेही या सॉकेटसाठी नवे प्रोसेसर देऊ, असे एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा, की आज रायझन ५ ७६०० किंवा ७५००एफ घेणाऱ्यास काही वर्षांनी मदरबोर्ड आणि मेमरी न बदलता ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी बसवता येईल.

बोर्डवर काटकसर कोठे करावी?

महागड्या बोर्डाने खेळाचा वेग वाढत नाही. दिव्यांसाठी आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी मोजलेला पैसा ६५ वॉटच्या प्रोसेसरसोबत बहुतांशी वाया जातो. तथापि अगदी तळाचा बोर्ड घेण्यातही तोटा आहे, आणि तो कोठे होतो हे पाहण्याजोगे आहे.

एनव्हिडिया आरटीएक्स ४०६०, रेडिऑन आरएक्स ७६०० किंवा इंटेल आर्क बी५८० ही कार्डे मदरबोर्डशी सोळाऐवजी आठच मार्गिकांनी जोडली जातात. पीसीआयई ४.० वर त्या पुरतात. ए५२० किंवा बी४५० बोर्डवर मात्र त्याच आठ मार्गिका पीसीआयई ३.० च्या वेगाने चालतात, म्हणजे रस्ता निम्मा होतो. आठ जीबीच्या कार्डाची स्मृती भरली की उरलेली माहिती याच रस्त्याने ये-जा करते आणि खेळ अडखळू लागतो. बी५५० बोर्डवर ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआयई ४.० मिळते. ए५२० घेऊन वाचवलेले पैसे असे कार्डाच्या कामगिरीतून वजा होतात. आर्क बी५८०च्या बाबतीत आणखी एक गोष्ट जानेवारी २०२५ मध्ये चाचण्यांतून पुढे आली : जुन्या किंवा कमकुवत प्रोसेसरसोबत या कार्डाचा वेग अपेक्षेपेक्षा बराच घसरतो. स्वस्त कार्ड आणि स्वस्त प्रोसेसर यांची बेरीज नेहमीच किफायतशीर नसते.

दुसरी बाब व्हीआरएमची. वीजपुरवठा-संचाकडून येणारा १२ व्होल्टचा प्रवाह प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-दीड व्होल्टच्या आत आणणारा हा भाग सॉकेटच्या कडेला असतो. स्वस्त बोर्डांवर त्यावर धातूची उष्णताशोषक पट्टी नसते. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० यांना त्याने फरक पडत नाही. पण पुढे आठ कोरचा प्रोसेसर बसवण्याचा बेत असेल, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ही पट्टी नसणे महागात पडू शकते. इंटेलच्या एच६१० बोर्डवर मेमरीच्या दोनच खाचा असतात आणि मेमरी ओव्हरक्लॉक करता येत नाही. आय५-१२४००एफ घालून वर्षानुवर्षे हात न लावणाऱ्यास तो पुरेसा आहे. एएम५मध्ये बी६५० हा मध्यममार्ग; बी८४०चा आकडा मोठा दिसत असला तरी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची बी६५०वरील सोय त्यात नाही.

मेमरीने बदललेले गणित

एएम५ आणि एलजीए १८५१ केवळ डीडीआर५ मेमरी स्वीकारतात. एएम४ला डीडीआर४ लागते. एलजीए १७००चे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले. एका बोर्डवर मात्र एकच प्रकार चालतो. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव जगभर भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणाही केली. तोवर मेमरी ही कोटेशनमधील किरकोळ ओळ समजली जात असे.

म्हणून ज्याच्या जुन्या संगणकात डीडीआर४च्या १६ जीबीच्या चांगल्या पट्ट्या आहेत, त्याच्या हातात भांडवलच आहे असे समजावे. त्याने बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६००, किंवा डीडीआर४ प्रकारचा एच६१० अथवा बी७६० बोर्ड आणि आय५-१२४००एफ घ्यावा. यांपैकी ज्या जोडीची बेरीज कमी भरेल ती. सर्व काही नवेच घ्यायचे असेल तर दोन्ही मेमरींचे त्या दिवसाचे भाव धरून तिन्ही वस्तूंची एकत्रित बेरीज करावी. एएम५ची बेरीज थोडीच जास्त भरत असेल, तर पुढील बदलाची सोय पाहता तो खर्च योग्य ठरतो. फरक इतका असेल की त्यातून ग्राफिक्स कार्ड वरच्या श्रेणीचे घेता येईल, तर जुना सॉकेट बरा. मेमरी एक पट्टी न घेता दोन घ्याव्यात. दोन वाहिन्यांनी माहिती येते आणि प्रोसेसरला कमी थांबावे लागते.

खरेदीच्या वेळी

खोक्यातील प्रोसेसरवर इंटेल आणि एएमडी यांची तीन वर्षांची हमी असते. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्यावर उत्पादकाची थेट हमी नसते आणि पंखाही येत नाही. जीएसटीसह पक्के बिल घेण्यास टाळाटाळ करून वाचवलेले पैसे हमीचा दावा करताना आठवतात. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे कायमची हानी होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने बायॉसद्वारे उपाय दिला आणि संबंधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. झालेली हानी मात्र त्या उपायाने भरून येत नाही. त्यामुळे या श्रेणीतील वापरलेला माल टाळलेलाच बरा.

दुकानातच संगणक जुळवून सुरू करून पाहावा. बोर्डपेक्षा प्रोसेसर नवा असेल तर बायॉस अद्ययावत केल्याशिवाय पडदा उजळणार नाही. प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलता येणारे बोर्ड यासाठी सोयीचे. बायॉसमध्ये प्रोसेसरचे नाव बिलाशी ताडून पाहावे, रिसायझेबल बार आणि सिक्युअर बूट सुरू करून घ्यावे. शेवटी मेमरीचे एक्सएमपी किंवा एक्सपो हे प्रोफाइल निवडावे. ते निवडले नाही, तर ३२००च्या वेगासाठी पैसे मोजलेली मेमरी २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते, आणि पडद्यावर तसे कोठेही लिहून येत नाही.