क्लोरीनयुक्त विद्रावकांचे जीवाणूकृत विघटन

ड्रायक्लीनिंगसाठी आणि धातूच्या सुट्या भागांवरील तेल-ग्रीज काढण्यासाठी विसाव्या शतकात सर्रास वापरलेले टेट्राक्लोरोएथिलीन व ट्रायक्लोरोएथिलीन हे विद्रावक पाण्याहून जड असल्यामुळे, जमिनीवर सांडले असता भूजलाच्या पृष्ठभागी न थांबता खोल उतरतात आणि तेथून वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळत विहिरींचे पाणी नासवीत राहतात. त्यांतील क्लोरीन काढून टाकण्याचे सामर्थ्य काही जीवाणूंच्या एंझाइमांत आहे.

हवेवर जगणाऱ्या मिथेनभक्षक जीवाणूंचे मिथेन मोनोऑक्सिजनेज हे एंझाइम ट्रायक्लोरोएथिलीनाचे ऑक्सिडीभवन करते खरे. परंतु त्या क्रियेत निपजणारी द्रव्ये त्या एंझाइमासच निकामी करतात, आणि टेट्राक्लोरोएथिलीन तर त्यास दादच देत नाही. याचे कारण असे की, चार क्लोरीन अणूंनी वेढलेला त्यातील कार्बन आधीच इलेक्ट्रॉनांस मुकलेला असतो; मात्र नेमक्या त्याच कारणाने ऑक्सिजनविरहित गाळात तो इलेक्ट्रॉन स्वीकारण्यास सर्वथा योग्य ठरतो. तेथील काही जीवाणू, आपण ऑक्सिजनाच्या आधारे श्वसन करतो त्याप्रमाणे, या विद्रावकांच्या आधारे श्वसन करतात.

सल्फरोस्पिरिलम मल्टिव्होरान्स या जीवाणूच्या अशा श्वसनातील एंझाइमाची स्फटिकरचना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ब जीवनसत्त्व-१२ च्या जातीच्या घटकातील कोबाल्टाचा अणू मध्यभागी असून, लोह व गंधक यांचे दोन समूह त्याच्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचवितात. क्लोरीन क्लोराइडाच्या रूपाने सुटतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन येतो. हा जीवाणू दोन क्लोरीन काढून थांबतो.

या थांबण्यातच खरी जोखीम आहे. विघटन आणखी एक पायरी पुढे जाऊन अडले, तर कर्करोगकारक व्हिनिल क्लोराइड मागे उरते. म्हणजे अर्धवट विघटन काही वेळा मूळ दूषितापेक्षाही घातक ठरते. निरुपद्रवी एथिलिनापर्यंत मजल मारणारा पहिला शुद्ध संवर्ध, डीहॅलोकॉकॉइडिसचा १९५ हा वाण, अमेरिकेतील इथाका येथील सांडपाण्याच्या गाळातून मिळवून कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये जाहीर केला. शेवटची पायरी मात्र तो संथपणे आणि वाढीस उपयोगी ऊर्जा न मिळविता पार करतो. व्हिनिल क्लोराइडावरच वाढणाऱ्या 'बीएव्ही-१' या वाणाची नोंद २००३ मध्ये झाली. हे दोन्ही वाण ज्या जातीचे, तिला २०१३ मध्ये पेरी मॅकार्टी या अभियंत्याच्या सन्मानार्थ मॅकार्टाय हे नाव मिळाले.

प्रत्यक्ष शुद्धीकरणात जमिनीत लॅक्टेट वा वनस्पतितेल सोडतात. इतर जीवाणू ते आंबवून हायड्रोजन निर्माण करतात, आणि डीहॅलोकॉकॉइडिस केवळ त्या हायड्रोजनाकडूनच इलेक्ट्रॉन घेऊ शकतो. व्हिनिल क्लोराइडाचे क्षपण करणाऱ्या एंझाइमाचे जनुक कूपनलिकेच्या पाण्यात आहे, याची खातरजमा केल्यावाचून हे काम हाती घेऊ नये. नसल्यास तयार संवर्ध सोडण्याची तजवीज करावी लागते. किण्वनाने पाणी फार आम्लधर्मी झाल्यास ही क्रिया खुंटते, म्हणून जरुरीप्रमाणे सोडियम बायकार्बोनेटही मिसळतात.