इतवारीतला कारखाना नकाशात कुठे?

इतवारी, बुधवारी, मंगळवारी ही नागपूरच्या वस्त्यांची नावं मुळात बाजाराच्या वारांवरून पडलेली. या जुन्या भागात कोष्ट्याचा माग घरातच असे, सोनाराची भट्टी दुकानाच्या मागे. घर, दुकान, कारखाना एकाच छपराखाली. नियोजनाचा कायदा मात्र जागेला आधी विचारतो: तू निवासी, व्यापारी की औद्योगिक?

हे आलं कुठून? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये तिथे सुधार ट्रस्ट झाला. नागपूरसाठी तसाच कायदा १९३६ चा; त्यातूनच आपला सुधार प्रन्यास. दाटी मोडा, रस्ते रुंद करा, हवा खेळू द्या. हेतू वाईट नव्हता. पण कारागिराचं गिऱ्हाईक त्या दाटीतच होतं, हे आपण विसरतो.

१९६६ च्या नगररचना अधिनियमात मात्र एक दार उघडं आहे. विकास आराखड्याच्या मसुद्यावर कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. त्यासाठी जागेचा मालक असावं लागत नाही. भाड्याच्या खोलीतला कारागीरही चालतो. अडचण एवढीच, की मुदत ठरलेली असते आणि सूचना राजपत्रात, वर्तमानपत्रात छापून येते, भट्टीपाशी येत नाही. म्हणून मसुदा जाहीर झाला, की आपण आधी आपली गल्ली त्यात शोधायची.